घरच्या गाड्यांना टोपी

मिलवॉकी,
६ मार्च २०२३

प्रिय थर्म्यास,

अनेक आशीर्वाद. मी इकडे खुशाल आहे, तू आणि बर्निसही खुशाल असाल. बर्निसचा गुडघा आता कसा आहे? जिना चढते का? इकडे मार्च लागला तरी रस्त्याच्या कडेचे बर्फाचे ढीग हलायला तयार नाहीत, काळेकुट्ट झालेत नुसते. तुमच्या मिसिसिपीत एव्हाना लोक अर्ध्या बाह्यांत फिरत असतील. असो.

आठ दिवसांत मी तुला अकरा फोन केले. चार वेळा बर्निसने उचलला आणि चारही वेळा तू बाथरूममध्ये होतास. अरे, शाळा बुडवायलासुद्धा तू कधी इतका वेळ आत बसला नाहीस! म्हणून शेवटी पत्र लिहायला बसले. फोन कापता येतो, पत्र कापता येत नाही. फाडता येतं म्हणा, पण वाचल्याशिवाय फाडणं तुला जमायचं नाही, तुला मी ओळखते.

बातम्या नेहमीच्याच. चर्चमध्ये शुक्रवारी मासे तळायला सुरुवात झाली आहे. यंदा मसाला लावायचं काम माझ्याकडे, त्यामुळे रांग दारापर्यंत जाते. मिसेस लिंडक्विस्ट, म्हणजे मी जिच्या अंघोळ-जेवणाचं बघते ती ब्याण्णव वर्षांची बाई, बरी आहे. शेजारचा झिगमुंट जिवंत आहे आणि वाद घालतो आहे.

आणि हो, निळी सापडली. तुझ्या कारखान्याची, तुझ्या कामगार-सवलतीच्या कूपनवर स्वस्तात घेतलेली माझी निळी गाडी. दुसऱ्यांदा चोरीला गेली होती, हे तुला बर्निसने सांगितलंच असेल. ऑक्टोबरात गेली तेव्हा आठवड्याने रेल्वेच्या पुलाखाली मिळाली, स्टिअरिंगखालचं सगळं उचकटलेलं आणि मागच्या सीटवर चिप्सची पाकिटं. दुरुस्त करून घेतली. सतरा जानेवारीला पुन्हा गेली. पोलिस आला, त्याने गाडीचं साल विचारलं आणि वहीतून मान वर न काढता म्हणाला, "ही ना? ही किल्लीशिवाय चालू होते हो बाई. पोरं फोनवर बघून शिकतात, एक मिनिट लागत नाही. आम्ही स्टिअरिंगला लावायची कुलपं फुकट वाटतो. पण सध्या संपलीत."

कुलूप आलं फेब्रुवारीत. वरातीमागून घोडं.

झिगमुंटचं म्हणणं, पोरांना धरा, आत टाका, विषय संपला. कंपनीला कशाला बोल लावायचा? मी नगरपालिकेच्या सुनावणीला निघाले तर दारात उभा राहून म्हणतो, "चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघालीस काय?" मी म्हटलं, "संन्यासी कुठला आणलास? कडी न लावता दार विकणारा सुतार आहे तो! चोराला धराच, माझं ना नाही. पण उद्या सगळ्या गल्लीची दारं फुंकरीने उघडायला लागली, तर सुताराला एक शब्द विचारायचा की नाही?" तर म्हणतो, "दार स्वस्तातलं होतं ना? मग?" त्याच्या तोंडी लागण्यात अर्थ नाही. पण स्वस्तातल्या दाराला कडी नसते, हे दार घेताना कुणी सांगत नाही रे.

तर सुनावणी. तिच्याबद्दलच तू रुसला आहेस ना? झालं काय ते तुला पेपरमधूनच कळलं असणार, आणि पेपरवाले काय, मिठाशिवाय वाढत नाहीत. माझ्या तोंडून ऐक.

नगरपालिकेच्या मोठ्या हॉलमध्ये आम्ही गाडी गेलेले दीडेकशे लोक होतो. कंपनीवर दावा लावायचा की नाही, हे शहराला ठरवायचं आहे. कंपनीचा माणूस आला होता, करडा सूट, आवाज अगदी मऊ, समोरच्याला आपणच चुकलो असं वाटावं असा. म्हणाला, आमच्या गाड्या कायद्यात बसतात. म्हणाला, चोरी हा गुन्हा आहे आणि गुन्हेगार आम्ही नव्हे. इथवर मी गप्प होते. मग तो म्हणाला, "या गोष्टीकडे आमच्या कारखान्यातून आजवर कोणीही आमचं लक्ष वेधलेलं नाही."

थर्म्या, देवाशप्पथ सांगते, मी उठायचं ठरवलं नव्हतं. माझी बोलायची दोन मिनिटं अजून यायची होती, मी कागदावर लिहूनही नेलं होतं. पण मला एकदम तू दिसलास. २०१५चं थँक्सगिव्हिंग. डोक्यावर कंपनीची लाल टोपी, कानांवर येणारी. "ताई, बक्षीस मिळालं बघ. सूचनापेटीत चिठ्ठी टाकली म्हणून." आणि मग टर्की कापता कापता तू सांगितलंस की एकाच पट्ट्यावरून दोन तऱ्हेच्या गाड्या जातात. उत्तरेच्या आणि घरच्या. कॅनडात जाणाऱ्या उत्तरेच्या, त्यांच्यात खरी किल्ली ओळखणारी चकती बसते, कारण तिकडे कायदाच आहे. आणि आपल्या देशात राहणाऱ्या घरच्या, त्यांच्यात तीच जागा तशीच मोकळी असते आणि तिच्यावर तुम्ही प्लास्टिकचं झाकण बसवता. झाकणाला तुम्ही टोपी म्हणता. "उत्तरेला चकती, घरच्यांना टोपी," असं म्हणून तू हसलास. तू चिठ्ठीत लिहिलं होतंस की जागा आहेच, तर चकती सगळ्यांनाच लावा. आणि त्यांनी तुला टोपी दिली. आम्ही सगळे हसलो. मीसुद्धा. तीन वर्षांनी मी त्याच कारखान्याची गाडी घेतली, तेव्हा यातलं एक अक्षर मला आठवलं नाही.

त्या दिवशी मात्र सगळं आठवलं. मी उठले आणि ओरडले, "खोटं! माझ्या भावाने सांगितलं होतं तुम्हाला! थर्मन लॉट, मिसिसिपीच्या कारखान्यात आहे! तुम्ही त्याला टोपी दिलीत! टोपी देऊन टोपी घातलीत!"

हॉल असा हसला म्हणून सांगू! मागून कुणीतरी ओरडलं, "बाई, टोपी दाखवा!" करड्या सूटवाल्याने नाव लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी पेपरात तुझं नाव आणि गाव.

बस. झालं ते एवढंच. तोंडातून गेलं.

(दुसऱ्या दिवशी पुढे लिहिते आहे.)

काल वरचं लिहून झोपले, पण झोप आली नाही. कारण ते अर्धंच खरं आहे.

पहिली गोष्ट. मिसेस लिंडक्विस्ट बरी आहे असं मी लिहिलं. ती आता बरी आहे. अठरा जानेवारीला सकाळी दारात गाडी नाही, बाहेर उणे वीस. दोन बस बदलून आणि शेवटचा दीड मैल चालून मी तिच्याकडे पोचले ती दोन तास उशिरा. तिने वाट पाहिली पाहिली आणि एकटीच अंघोळीला गेली. मला सापडली ती टबाशेजारी फरशीवर, गारठून निळी पडलेली, खुबा मोडलेला. मला बघून म्हणते काय, "व्हर्लीन, तुला त्रास दिला बघ." मला त्रास दिला म्हणे! सात आठवडे झाले, ती अजून पुनर्वसन केंद्रात आहे. सुनावणीत मला हेच सांगायचं होतं. हेच कागदावर होतं. माझ्या डोक्यात ती फरशी होती, म्हणून मी तशी उसळले.

दुसरी गोष्ट. नाव नुसतं तोंडातून गेलं नाही. सुनावणीनंतर पेपरची मुलगी बाहेर जिन्यावर आली. तिने विचारलं, भावाचं नाव कसं लिहायचं? तेव्हा माझा राग उतरला होता. मला चांगलं कळत होतं, तुझी निवृत्ती दोन वर्षांवर आली आहे आणि तिथे युनियन नाही. तरी मी तिला एकेक अक्षर सांगितलं. लॉटमध्ये दोन टी, असंही सांगितलं.

का सांगितलं? कारण मी तुझ्यावर चिडले होते. कंपनीवर नव्हे, तुझ्यावर. तुला माहीत होतं, थर्म्या. त्या गाडीत काय नाही हे तुझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. तरी तू मला कूपन पाठवलंस आणि फोनवर म्हणालास, "ताई, डोळे मिटून घे." मी मिटले. एवढंच मला तुला विचारायचं होतं, आणि ते विचारायच्या ऐवजी मी तुझं नाव पेपरात दिलं. मोठ्या बहिणीने करायची गोष्ट नव्हे ही. चुकले मी.

आता पुढचं. सुनावणीच्या अध्यक्षबाईंनी मला निरोप पाठवला आहे की ऐकीव गोष्टीवर काही होत नाही, कागद असेल तर आणा. कंपनीने कळवलं आहे की अशा कुठल्याही चिठ्ठीची त्यांच्याकडे नोंद नाही. पुढची सुनावणी अठरा एप्रिलला. मी तुला काही मागत नाही. म्हणजे मागते आहेच, पण नाही म्हणालास तरी तू माझा भाऊ आहेस. फक्त बाथरूममधून बाहेर ये.

तुझी चुकलेली ताई,
व्हर्लीन


२३ मार्च

ताई,

पत्र मिळालं. बर्निस जिना चढते.

पेपर आला त्याच्या तिसऱ्या दिवशी मला ऑफिसात बोलावलं. दोघं होते. कॉफी दिली. एकवीस वर्षांत त्या ऑफिसात मला पहिल्यांदा कॉफी मिळाली, तेव्हाच म्हटलं, काहीतरी जड आहे. एक कागद पुढे सरकवला. त्यात लिहिलेलं होतं, 'अशी सूचना केल्याचे मला आठवत नाही.' खाली माझ्या नावाची रेघ. मी म्हटलं, चष्मा ट्रकमध्ये राहिलाय, घरी जाऊन वाचतो. तो कागद अजून फ्रिजवर आहे. रोज विचारतात, चष्मा सापडला का. रोज म्हणतो, शोधतोय.

तू विचारायला हवं होतंस. एक फोन. "थर्मन, तुझं नाव घेऊ का?" एवढंच. मी बहुतेक नाही म्हणालो असतो. पण विचारायला हवं होतंस. आठ दिवस मी बाथरूममध्ये नव्हतो. फोनसमोर बसलो होतो, आणि उचलला असता तर तोंडाला येईल ते बोललो असतो.

आता तुझा प्रश्न. कूपन का पाठवलं.

एका गाडीला माझ्यासमोर चोपन्न सेकंद मिळतात. चोपन्न सेकंदांत उत्तरेची की घरची हे बघायचं, चकती किंवा टोपी, दाबायचं, पुढची. त्यात कोण बसणार हे मनात आणलं तर पट्टा थांबतो. चिठ्ठी टाकली तेव्हा एकदाच आणलं होतं मनात. बक्षीस म्हणून टोपी आली तेव्हा समजलो, काय समजायचं ते, आणि मनात आणणं सोडून दिलं. तुला कूपन पाठवताना वाटलं, मी केलेल्या गाडीत माझी बहीण बसेल. त्यापलीकडे खरंच काही वाटलं नाही. चोऱ्या तेव्हा होत नव्हत्या. पण ही सबब आहे, मला कळतं. तुझी गाडी पट्ट्यावरून गेली त्या आठवड्यात त्या जागी मीच होतो. तुझ्या घरच्या गाडीला टोपी मीच बसवली असणार, ताई. हे लिहायला मला चार दिवस लागले.

त्या बाईंना सांग, मला वाईट वाटलं. नको, तू काय सांगणार. राहू दे.

लाल टोपी गॅरेजमध्ये सापडली. मोठी होत होती म्हणून मी आतल्या पट्टीत कागदाची घडी खोचली होती. घडी उघडली तर चिठ्ठीची माझ्याकडची प्रत. वर शिक्का आहे, तारीख आहे, नंबर आहे, खाली सुपरवायझरचं उत्तर आहे: 'आभारी आहोत. कायद्याने आवश्यक नाही.' सात वर्षं डोक्यावर घेऊन मासे मारायला जात होतो.

सोबत पाठवतोय. घामाचे डाग आहेत, वाचता येतं. तुला हवं ते कर. मला विचारू नकोस, मला झोपू दे.

थर्मन


मिलवॉकी,
३ एप्रिल २०२३

प्रिय थर्म्या,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र मी उभ्याने वाचलं आणि मग स्वयंपाकघराच्या फरशीवर बसून रडले, हे आधी सांगून टाकते. तू कूपनाचं जे लिहिलंस ते मी कितीतरी वेळा वाचलं. मला आता काही विचारायचं राहिलं नाही. तुझी बहीण तू केलेल्या गाडीत बसली आणि फार मिजाशीत बसली. दर रविवारी चर्चसमोर लावताना मी सगळ्यांना सांगायचे, "माझ्या भावाच्या हातची आहे." ते खोटं नव्हतं.

आता आनंदाच्या बातम्या. निळी चालते आहे, स्टिअरिंगला पिवळं कुलूप घालून, बैलाला लोढणं बांधावं तशी. आणि मिसेस लिंडक्विस्ट परवा वॉकर धरून बावीस पावलं चालली. मी मोजली. तेविसावं टाकताना दमली आणि मला म्हणाली, "नुसती बघत काय उभी राहिलीस, खुर्ची आण." असं तिने खेकसून बोलणं मला किती गोड वाटलं, तुला कळायचं नाही. मी तिला तुझ्या चिठ्ठीचं सांगितलं. वाचून दाखव म्हणाली. दाखवली. म्हणाली, "तुझ्या भावाचं अक्षर फार वाईट आहे, पण माणूस चांगला आहे." तू राहू दे म्हणालास, पण तिला कळायला हवं होतं.

झिगमुंटला पण दाखवली. त्याने चष्मा लावून दोनदा वाचली आणि पहिल्यांदा वाद घातला नाही. म्हणाला, "जागा आधीपासून होती?" मी म्हटलं, होती. "आणि शेजारच्या देशातल्यांना लावत होते?" म्हटलं, लावत होते. मग म्हणाला, "पोरांना तरी सोडू नका." मी म्हटलं, "अरे बाबा, नाही सोडत!" आता तोही येणार आहे अठराला. पहिल्या रांगेत बसून काहीतरी ओरडणार, दुसरं काय.

आता मुद्द्याचं. तू रागावशील, रागाव. चिठ्ठी मी अध्यक्षबाईंना दिलेली नाही. ती या पत्रासोबत रजिस्टरने परत पाठवते आहे. मी झेरॉक्ससुद्धा काढलेली नाही. हात शिवशिवले, खोटं बोलत नाही. दुकानाच्या दारापर्यंत गेले होते. पण परत फिरले. एकदा मी तुझं नाव तुला न विचारता चव्हाट्यावर नेलं. दुसऱ्यांदा तू ते "मला विचारू नकोस" म्हणून माझ्या हातात दिलंस, आणि मला ते तसं नको आहे. ही तुझी चिठ्ठी आहे. तू लिहिलीस, तू सही केलीस, तू डोक्यावर वागवलीस. फ्रिजवर आता दोन कागद होतील, एक त्यांचा आणि एक तुझा. कशावर सही ठेवायची ते तू ठरव, आणि काहीही ठरवलंस तरी उन्हाळ्यात तू नि बर्निस इथे येता आहात, यात बदल नाही. तुझी नोकरी गेली तर? माझ्याकडे वरची खोली आहे आणि मला हाताशी माणूस लागतो. नोकरी राहिली तर? मग मासे तू आण. तू आपल्या जागी बसलेला असावास, एवढंच मला हवं आहे. ती जागा कारखान्यातली की इथली, ते मागाहून बघू.

सुनावणी अठरा तारखेला, सकाळी नऊला, तिसरा मजला. माझ्या शेजारची खुर्ची मी तुझ्यासाठी धरून ठेवीन. तू आला नाहीस तर तिच्यावर माझी पर्स ठेवीन आणि कुणी विचारलंच तर सांगेन की पर्सच आहे. तुझं नाव माझ्या तोंडून निघायचं नाही. माझी दोन मिनिटं मी मिसेस लिंडक्विस्टबद्दल बोलेन. तेवढं माझं आहे, ते मला बोलता येतं.

तब्येतीला जप. बर्निसला जास्त चढउतार करू देऊ नकोस.

तुझीच, कशीही असली तरी,
व्हर्लीन


१२ एप्रिल

ताई,

रजिस्टर मिळालं. दोन्ही कागद टेबलावर ठेवून बर्निसला विचारलं. ती म्हणाली, मला काय विचारता, चष्मा तुमच्या नाकावर आहे.

आज ऑफिसात जाऊन सांगितलं, चष्मा सापडला. त्यांचा कागद सही न करता परत केला. मग तीन दिवसांची रजा मागितली. कशाला, म्हणाले. म्हटलं, बहिणीकडे जातोय, तिथे मला थोडं बोलायचं आहे. कुणी कॉफी विचारली नाही. रजा मात्र दिली. पुढचं पुढे.

रविवारी पहाटे निघतो, बर्निस पण आहे. वरची खोली झाडून ठेव.

खुर्चीवर पर्स ठेवू नकोस. आणि आता नाव घ्यायला हरकत नाही, मी विचारलंय मला.

तुझा भाऊ,
थर्मन एझेकिएल लॉट